मामेकुळाची गिरणी

मी लातुरात जीवशास्त्र शिकवतो. सकाळी कॉलेजात, दुपारी शिकवणीत, आणि उरलेल्या वेळात जो कोणी समोर सापडेल त्याला. डॉक्टर व्हायला आलेली पोरं आमच्या गावात इतकी, की पहाटे दूधवाल्याला गाडी काढायला रस्ता मिळत नाही. आणि पेशीचा धडा माझ्यासारखा त्यांना कोणी शिकवत नाही, असं निदान मी तरी सगळीकडं सांगत आलोय. माझ्या तासाला मागच्या बाकावरचा झोपलेला पोरगा उठून बसतो. एकदा तर खिडकीबाहेर चरणारी म्हैस कान टवकारून तासभर उभी राहिली. परीक्षेला बसती तर पास झाली असती. फी भरली नव्हती म्हणून राहिली.

माझी पद्धत सोपी. पेशी म्हणजे एक गाव. केंद्रक म्हणजे तहसीलदार, स्वतः काही करत नाही, फक्त नकला काढून बाहेर पाठवतो. त्याच्याभोवतीची जाळी म्हणजे आमच्या गंजगोलाईच्या गोल बाजारातून फुटणारे रस्ते. गॉल्जी पिंड म्हणजे ट्रान्सपोर्टचं ऑफिस. माल बांधायचा, पत्ता डकवायचा, गाडीत टाकायचा. लयकारिका म्हणजे भंगारवाला. आणि तंतुकणिका, जिला पोरं मायटोकाँड्रिया म्हणतात, ती म्हणजे डिझेल इंजिनावरची गिरणी. खाल्लेलं सगळं शेवटी तिथं जातं आणि शक्ती होऊन बाहेर येतं. एका हुशार पोरीनं एकदा हरकत घेतली, सर, गिरणीतून पीठ निघतं, शक्ती नाही. मी म्हणालो, बाई, पोळी खाल्ल्याशिवाय तुला हा प्रश्न सुचला असता का? वर्ग हसला, पोरगी बसली, विषय संपला. हसू आलं की विषय संपतो हे मला फार लवकर कळलं होतं. दुर्दैव, दुसरं काय.

या गिरणीची एक गंमत आहे. ती फक्त आईकडून येते. बापाकडचे कण आत शिरतात, पण त्यांना घरात ठेवून घेत नाहीत, मोडून टाकतात. म्हणजे माझ्या अंगातल्या सगळ्या गिरण्या माझ्या आईच्या, आणि आईच्या तिच्या आईच्या. हे शास्त्र आहे, त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही. घातलं ते पुढं, मागच्या वर्षी, भाचीच्या सोयरिकीत.

माझी धाकटी बहीण भोकरजवळ एका खेड्यात दिलेली. दाजी शांत माणूस, दिवसाकाठी दहा शब्द बोलतील, त्यातले चार बैलांशी. त्यांना एकच मुलगी. ती नांदेडला एका बियाण्याच्या कंपनीत नोकरीला आहे. तिला देगलूरचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, वडिलांचं आडतीचं दुकान. दोघं आधी एकदा नांदेडात भेटले होते, फोनवर बोलत होते, आणि भाचीला तो आवडला होता. हे मला तिनं स्वतः सांगितलं होतं. "मामा, हे जरा नीट होऊ द्या," एवढंच म्हणाली होती. मी म्हणालो, पोरी, मामा आहे तोवर काळजी करायची नाही. नुसत्या तोंडानं लग्न जमवून दाखवतो.

पाहुणे आले ते एका गाडीत बसू शकत नाहीत इतके, तरी एकाच गाडीतून उतरत राहिले. मला वाटलं खालून भुयार आहे की काय. नीट मोजले तर पाचच. मुलगा, त्याचे वडील, दोन काका, आणि मुलाची आत्या. ही आत्या म्हणजे त्या घराची खरी धनीण. पांढरी साडी, हातात पिशवी, आणि नजर अशी की भिंतीकडं बघितलं तर आतल्या विटा मोजून यावी. ओसरीवर सतरंजी टाकलेली. बहीण पहाटेपासून चुलीशी होती. पोहे, भजी, शिरा, सगळं तिनंच केलेलं. मी आत डोकावलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले.

"काय गं, झोपलीस का?"

"न्हाई दादा. जरा टेकले. तू बस भाईर, बोल त्यांच्याशी. तुला येतं बोलायला."

मी बाहेर येऊन बोलायला लागलो.

आधी शेती, पाऊस, सोयाबीन झालं. मग आपल्याकडं जे होतंच, ते झालं. मुलाच्या काकांनी घसा साफ करून विचारलं, "मुलीचं मामेकूळ कोणतं म्हणायचं?" आमच्याकडं हा प्रश्न नुसता रीत म्हणून विचारत नाहीत. मुलीच्या आईचं माहेर कुठलं, कसलं, तिथं भांडणं किती, माणसं टिकतात का, हे सगळं त्या एका प्रश्नात असतं. उत्तर चार शब्दांचं असतं. गाव सांगायचं, कूळ सांगायचं, थांबायचं.

मी थांबलो नाही.

"मामेकूळ विचारलंत ना," मी म्हणालो, "शास्त्रसुद्धा हेच विचारतं! बाकी जग आत्ता तिथवर पोचलं, आपले लोक आधीच पोचले होते." आणि मी पेशी मांडली. केंद्रक, जाळी, गिरणी. सतरंजीवर भज्यांची ताटली म्हणजे पेशी, आणि भजी म्हणजे तंतुकणिका. आईकडूनच सगळं येतं, बापाकडचं वेशीवरूनच परत. मुलाचे वडील हसत म्हणाले, "म्हंजे सर, नातवात आमचं कायबी न्हाई म्हणा की!" मी म्हणालो, "नाक तुमचं, रंग तुमचा, आडनाव तुमचं. पण ताकद? ताकद आमची!" सगळे हसले. मुलगाही हसला. दारामागं भाचीची सावली हलली, तीही हसली असावी. त्या क्षणी ते लग्न जमलेलं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

मग मी आई काढली. आमची आई, म्हणालो, काय बाई होती! विहिरीत बैल पडला. गडीमाणूस घरात कोणी नाही. तिनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक बैलाला, आणि एकटीनं ओढून काढला. बैल वर आला तेव्हा दमलेला बैल होता, आई नाही. लगेच जाऊन भाकरी थापायला बसली. "ही गिरणी," मी म्हणालो, "आईची माझ्या बहिणीत, बहिणीची तुमच्या सुनेत. सात पिढ्या बघायला नको. लिहून घ्या!"

आत्यानं पिशवी मांडीवरून बाजूला ठेवली. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती.

"म्हंजे सर, आमच्या घरात म्होरं जे काय यील, ते पोरीच्या आईचं."

"अगदी शंभर टक्के!"

"बापाचं कायबी चालत न्हाई."

"एक कणसुद्धा नाही!"

"मग पोरीच्या आईला बोलवा की भाईर. आल्यापासनं दिसल्या न्हाईत. पोरगी बघितली, आता आई बी बघू."

हे ती खोचून बोलली नाही. आडतीवर बसलेलं माणूस मूठभर माल हातात घेऊन बघतं, तशी बोलली. नमुना मीच पुढं केला होता.

मी आत हाक मारली. बहिणीनं सगळं ऐकलं होतं. मधे एक पातळ भिंत, आणि माझा आवाज भोकरच्या स्टँडवर गेला असेल. ती नुसती पदर सावरून आली असती तर चाललं असतं. नमस्कार करून बसली असती. पण तिनं ऐकलं होतं की भावानं तिच्यात काय काय असल्याचं सांगितलंय. ओसरीवरच्या माठातलं पाणी संपत आलं होतं. तिनं आतला भरलेला हंडा उचलला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. दाजी आणत होते पाणी एरवी, हे मला नंतर कळलं. कित्येक महिन्यांत तिनं भरला हंडा उचलला नव्हता.

उंबऱ्यापर्यंत ती नीट आली. कमरेवर हंडा, चेहरा हसरा करायचा प्रयत्न. पण हसू पुरतं होईना. ओठ वर जायच्या ऐवजी नुसते ताणले गेले, आणि डाव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावर उतरलेली, अर्धं लावलेलं शटर असावं तशी. चार पावलं टाकली आणि तिचा हात सुटला. घसरला नाही, सुटला. आतून कोणी बटन बंद करावं तसा. हंडा आपटला, पाणी सतरंजीवर, काकांच्या धोतरावर, भज्यांत. ती गुडघ्यावर बसली आणि तिला उठता येईना.

"हात वला व्हता," ती म्हणाली. तेही तोंडातल्या तोंडात, शब्द जड झालेले.

आणि आता मी काय केलं ते सांगतो, कारण बाकीच्यापेक्षा मला ते जास्त जाळतं. मी हसलो. मोठ्यानं म्हणालो, "अहो शकुन झाला! आमच्या आईचा बैल वर आला तेव्हाही असंच पाणी उडालं होतं!" आणि लोक हसले. पाहुणचाराला हसले असतील, सुटका म्हणून हसले असतील. पण माझी बहीण खाली ओल्या सतरंजीवर बसलेली, आणि वर आम्ही सगळी माणसं हसत होतो. दाजी उठले, तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं, आत नेलं. दहा शब्दांतला एकही खर्च न करता. भाची फडकं घेऊन आली, खाली वाकून पाणी टिपू लागली. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. हसू आलं की विषय संपतो, हा माझा हिशेब तिथं चुकला. विषय संपला नव्हता. तो तिच्या डोळ्यांत होता.

पाहुणे चहा घेऊन उठले. "कळवतो," म्हणाले.

संध्याकाळी मी चुलीजवळ जाऊन बसलो. बहीण भिंतीला टेकून होती. मला वाटलं रडेल, बोलेल, शिव्या देईल. ती म्हणाली, "दादा, माझं चुकलंच जरा. हंडा उचलायला नको होता. तुझं बोलणं एवढं चांगलं चालू व्हतं."

मी काटकी घेऊन चुलीतली राख उकरत बसलो. मी, जो म्हशीलाही पेशी शिकवतो.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. सकाळी बरं असतं, दुपार झाली की अंग गळतं. केस विंचरायला हात वर राहत नाहीत. भाकरीचा तुकडा चावता चावता जबडा थकतो. कधी एकाचं दोन दिसतं. गावातला डॉक्टर म्हणतो अशक्तपणा आहे. सलाइन चढवली की दोन दिवस बरं वाटतं, किंवा बरं वाटतंय असं ती म्हणते, कारण पैसे दिलेले असतात. आणि मला आठवलं, भाऊबीजेला तिची पापणी अशीच उतरली होती. ओवाळताना. मी म्हणालो होतो, "एका डोळ्यानंच ओवाळतेस का? मग ओवाळणीही अर्धीच!" सगळं घर हसलं होतं. ती सगळ्यात जास्त. तोंडावर हात ठेवून हसली होती. हसू नीट उमटत नाही हे लपवायला हात ठेवला असेल, हे मला आता कळतंय. इतकी वर्षं स्नायूची पेशी फळ्यावर काढली, बाण काढले, नावं लिहिली. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर ती दिसली तेव्हा मी विनोद केला.

तिला घेऊन नांदेडला गेलो. डॉक्टर बाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं फार काही विचारलं नाही. रबरी हातमोज्यात बर्फाचे तुकडे भरले आणि बहिणीच्या उतरलेल्या पापणीवर धरले. थोड्या वेळानं काढले. पापणी वर गेली. आख्खा डोळा उघडला. तो डोळा मी कितीतरी दिवसांनी पूर्ण बघत होतो.

"दादा, गार लई लागलं," बहीण म्हणाली.

डॉक्टर बाईंनी आजाराचं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, मग कागदावर चित्र काढून तिला समजावलं. मज्जातंतू म्हणजे निरोप्या. तो स्नायूच्या दारात येतो, दारावरची घंटा वाजवतो, मग आतली माणसं उठून कामाला लागतात. "तुमच्या शरीरानं चुकून आपल्याच दारावरच्या घंटा काढायला घेतल्यात. निरोप्या येतो, वाजवतो, आतल्यांना ऐकू येत नाही. थोडा आराम झाला की थोडं ऐकू येतं. रक्त तपासू, खात्री करू. पण औषध आहे याच्यावर. चांगलं औषध आहे."

मी घसा खाकरला. "मॅडम, हे आईकडून आलेलं... म्हणजे तंतुकणिकांचं... मुलीलाही..."

"नाही, नाही. तंतुकणिकांचा याच्याशी काही संबंध नाही. त्या ठणठणीत चालू आहेत. आणि हे असं आईकडून मुलीकडं जात नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही काय करता?"

"शेती," मी म्हणालो.

बहीण पूर्ण उघड्या डोळ्यानं माझ्याकडं वळली. "न्हाई ओ मॅडम! जीवशास्त्राचे सर हायेत लातूरला. लई मोठे. पोरं डाक्टर करून राहिलेत ते. तुमी बी शिकला असाल त्यांच्याच हाताखाली."

डॉक्टर बाई हसली नाही. बरी होती बिचारी. तिनं मान खाली घालून गोळ्या लिहायला घेतल्या, आणि मी भिंतीवरचं स्नायूचं रंगीत चित्र असं बघू लागलो जसं काही आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय. तेही एका अर्थी खरंच होतं.

पहिली गोळी तिनं तिथंच बाकड्यावर घेतली. अर्ध्यापाऊण तासानं चहा पिताना ती कशाला तरी हसली, आणि हसू नीट झालं. दोन्ही बाजूंनी. मी दुसरीकडं बघितलं.

आता माझ्या हातात खरं होतं. निव्वळ खरं, माझ्या भेसळीशिवायचं. वाटलं, हे घेऊन देगलूरला जायचं, सांगायचं, आणि मोडत आलेलं जोडायचं. एसटीत बसल्यावर मनात एक विचार आला. आईच्या त्या गिरण्या माझ्यातही आहेत. पण माझ्यापाशी त्या संपतात. माझ्या पोरांनी त्यांच्या आईच्या घेतल्या. पुढं जाणार ते बहिणीतून भाचीत, भाचीतून तिच्या पोरांत. मी नुसता रस्त्याच्या टोकाला उभा राहून ओरडणारा. तरी त्या दिवशी ओसरीवर सगळ्यात जास्त आवाज माझाच होता.

आडतीच्या दुकानात मुलाचे वडील नव्हते. आत्या होती, गादीवर. मुलगा सुट्टीचा म्हणून आलेला, आत पोत्यांजवळ उभा. आत्यानं बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. आजाराचं नाव, घंटा, बर्फ, गोळी. मुलीचा याच्याशी संबंध नाही. आईचा आजारही आटोक्यात राहतो. पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट आहे त्याच मापाची सांगत होतो, आणि मलाच ती फिकी वाटत होती.

आत्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"सर, त्या दिवशी तुमी म्हणलात, सात पिढ्या आईकडनंच येतं. एक कण बी बापाचा न्हाई."

"ते गिरण्यांचं, आत्या. हा आजार गिरणीचा नाही."

"आता आजार गिरणीचा न्हाई. त्या दिवशी सगळं गिरणीचंच व्हतं."

"आजचं खरं आहे, आत्या. तुम्ही डॉक्टरांना विचारा. मी फोन लावून देतो."

"त्या दिवशी बी आसंच म्हणला व्हता. लिहून घ्या म्हणला व्हता." तिनं रिकामा पेला बाजूला सारला. "आमी तुमच्या बहिणीच्या माहेरी, तुमच्या जुन्या गावी बी विचारून आलोय, सर. मामेकुळाची चौकशी तर करायची असतीच. बैल पडलाच न्हाई म्हणे त्या विहिरीत. वासरू व्हतं. अन् वढणारे चार गडी. तुमची आई वर उभी राहून बोंबलत व्हती म्हणं."

हे अगदी बरोबर होतं. चार गडी होते. मला त्यांची तोंडंसुद्धा आठवतात.

"वासराचं काय एवढं न्हाई," आत्या म्हणाली. "माणूस बोलतं. पण मला सांगा, वासरू बैल झालं, चार गडी नाहीसे झाले, तर घरात अजून काय काय असंल? ते आमाला कसं कळावं? पोरगी चांगली हाय. तुमच्या बहिणीचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. इलाज करा. पण आता आमचं मन धजत न्हाई."

मी मुलाकडं बघितलं. तो पोत्यांकडं बघत होता.

परत भोकरला उतरलो. तिथून जीपनं गावात. भाची सुट्टी काढून घरी आली होती, अंगणात बाजेवर बसली होती. तिला मी देगलूरला गेल्याचं ठाऊक होतं. मला बघून ती उठली नाही. मी बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

"न्हाई म्हणले?" तिनं विचारलं.

"नाही म्हणाले."

ती बाजेची सुतळी ओढत राहिली. मग म्हणाली, "तो होता का तिथं?"

"होता."

"काही बोलला?"

आणि माझं तोंड, देवा, माझं तोंड आपलं चालूच झालं. "बोलला म्हणजे काय! आत्याशी इतका भांडला, इतका भांडला, की शेजारच्या दुकानातली माणसं पळत..."

"मामा."

एवढंच म्हणाली ती. ओरडून नाही.

"काही बोलला नाही," मी म्हणालो. "पोत्यांकडं बघत होता."

तिनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. डोळे भरले, पण तिनं ते माझ्यासमोर पुसले नाहीत. "फोन उचलत न्हाई तो चार दिवसांपासून," म्हणाली. "मला कळलंच होतं. पण तुम्ही गेलात म्हणून वाटलं, बघू." मग उठून गोठ्याच्या बाजूला गेली, आणि बराच वेळ आली नाही.

आतून बहिणीनं हाक मारली. ती चुलीशी होती, भाकरी थापत होती. गोळी घेतलेली, हात नीट चालत होते. माझ्यापुढं ताट सरकवून तिनं खालच्या आवाजात विचारलं, "काय झालं दादा? काय म्हणले?"

"जमत नाही म्हणाले."

तिचा हात पिठावर थांबला. "माझ्यामुळं," ती म्हणाली.

"नाही. माझ्यामुळं."

"हंडा माझ्या हातनं पडला दादा."

"हंड्याचं काही नव्हतं. डॉक्टरांचं सगळं सांगितलं मी त्यांना. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. मी खोटं बोललो होतो, आईबद्दल, तुझ्याबद्दल. म्हणून मोडलं. माझ्यामुळं मोडलं."

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. दोन्ही डोळे पूर्ण उघडे. मग ती हसली, ते नीट झालेलं हसू.

"तू बी ना दादा," ती म्हणाली. "माझं मन राखायला काय पण रचून सांगतूस." आणि तव्यावरची भाकरी उलटली.